सहीवाल्याचं बटण

२ सप्टेंबर

लिहायला-वाचायला मी कधी शिकले नाही, पण त्यावाचून माझं काही अडलं असं कोणी समजू नये. बोलते मी, लिहिते सून. बावीस वर्षं ती माझं नुसतं ऐकून घेत आली, आता ऐकून कागदावर उतरवायचं, एवढाच फरक. अट एकच. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, तिच्याबद्दल वाईट सांगितलं तरी. ती हो म्हणाली आणि मान खाली घातली. मान खाली घातली हेही लिही, सूनबाई.

वही कशाला, तर मला एकाचा सूड घ्यायचाय. वय झालंय. उद्या विसरून मी त्याला माफबिफ करून बसेन, तो धोका नको. रोज लिहिलं की रोज आठवेल.

तो माणूस आपल्या गल्लीच्या टोकाला लेकीकडे राहायला आलाय. मी त्याला टकलावरून ओळखलं. तीन वर्षांपूर्वी वीज खात्याच्या ऑफिसात मी त्याच्यासमोर अर्धा तास बसले होते, तेवढ्या वेळात त्यानं एकदाही मान वर केली नाही. त्यामुळे चेहरा मला माहीतच नाही, पण डोक्याच्या मधोमध पावट्याएवढा काळा डाग आहे तो पाठ आहे. तेव्हा रोज दिवेलागणीला वीज जायची आणि आमचा म्हातारा ऑक्सिजनच्या मशीनवर होता. ऑफिसात बॅटरीचे डबे आहेत, आजाऱ्याच्या घरी ठेवायला एखादा देतात, असं कळलं म्हणून मी आणि मुलगा अर्ज घेऊन गेलो. यानं अर्ज वाचला, 'नाही' लिहिलं, सही केली. झालं. सतरा दिवसांनी संध्याकाळी दोन तास वीज गेली. म्हातारा दीड तासच थांबला. घाईचाच स्वभाव होता त्याचा.

या माणसाला मी सहीवाला म्हणते. आता त्याच्याही नाकात नळी आहे म्हणे. मशीनवर असतो. ऐकून मला रात्री छान झोप लागली.

५ सप्टेंबर

आज कपाटाएवढी पेटी आली. म्हाताऱ्याच्या घड्याळदुरुस्तीच्या खोलीत ठेवलीय, कारण गल्लीत तळमजल्यावरची कोरडी खोली आपलीच. गल्लीतल्या छपरांवर काचा बसवल्यात, त्यांची वीज दिवसा या पेटीत साठणार आणि संध्याकाळी वीज गेली की पेटी सगळ्या गल्लीला पुरवणार.

वायरमन बसवता बसवता समजावत होता. दिवसा उन्हाची वीज इतकी होते की ठेवायला जागा नसते, आणि ऊन गेलं की त्याच वेळी सगळ्यांच्या शेगड्या, दिवे, पंखे एकदम सुरू. वीज पुरत नाही, मग वरून एकेक भाग बंद करतात. मी म्हटलं, सूर्य तर पहिल्यापासून संध्याकाळीच जातो, तुमच्या लोकांना हे कधी कळलं? तो हसला. पाच वर्षांत गल्लोगल्ली अशा पेट्या होतील, मग वीज जायची म्हणजे काय हे पोरांना गोष्टीत सांगावं लागेल, म्हणाला. पाच वर्षं मी कुठली थांबायला. माझं काम त्याआधी उरकायला हवं.

पेटीवर तीन दिवे आहेत. हिरवा लागला की सगळ्यांना पुरेल. पिवळा लागला की जपून. लाल लागला की त्या संध्याकाळी एक घर बंद ठेवायचं, नाहीतर सगळेच मध्येच काळोखात. कोणतं घर, ते पेटी सांभाळणाऱ्यानं आलटून पालटून ठरवायचं. आठ बटणं आहेत. सात घरांची सात, आणि आपल्या वरच्या मजल्याचा मीटर वेगळा म्हणून त्याचं आठवं. माझी खालची खोली आणि पेटीची खोली यांना बटण नाही, तिथे उजेड राहतोच.

सांभाळायचं कोणी, यावर गल्लीतल्या लोकांची चर्चा झाली. दिवसभर घरात कोण असतं? मी. गुडघ्यांमुळे मला जिनासुद्धा चढवत नाही, मी जाणार कुठे. सगळे म्हणाले, आजीच बघतील. मी अगदी गरीब चेहरा करून म्हटलं, तुम्ही म्हणता तर बघते बाई.

सूनबाईचं पेन थांबलंय. लिही.

६ सप्टेंबर

बटणांवर वायरमननं घरांचे नंबर लिहिले. ते मला काय उपयोगाचे? सूनबाईला म्हटलं, चित्रं काढ. नातीचं नेलपॉलिश घेऊन बसली. बेकरीवाल्याचा पाव, शिंप्याची कात्री, मास्तरीणबाईंचा चष्मा, रंगाऱ्याचा ब्रश, असं एकेक. सहीवाल्याला मी खुर्ची काढायला सांगितली, त्याला तीच शोभते. आपल्या वरच्या मजल्याचा जिना.

एवढ्याशा चित्रांना तिनं सकाळ घालवली. एक काढलं, पुसलं, परत काढलं. रेघ सरळ येईना. एरवी पातळाला फॉल लावताना सुई हलत नाही हिची.

९ सप्टेंबर

ढग आले. दिवेलागणीला लाल लागला. साडेसहाला बाहेरची वीज गेली, पेटी गुरगुरली आणि मी खुर्चीचं बटण खाली ओढलं. खट्. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, लग्नाच्या वेळचा बँडसुद्धा यापुढे काही नाही.

त्यानं मरू नये. मेला तर काय मजा. घरात ऑक्सिजनची नळकांडी असणार, लेक धावपळ करेल, ती जोडेपर्यंत पाच मिनिटं जातील. त्या पाच मिनिटांत त्याला कळावं की हवा कशी मोजून घ्यावी लागते. साडेआठला वीज आली. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१० सप्टेंबर

ढग. लाल. खुर्ची.

११ सप्टेंबर

तेच.

१३ सप्टेंबर

आणखी एक चांगली गोष्ट झालीय. नात रोज संध्याकाळी अभ्यासाला खाली येते, पेटीच्या खोलीत, माझ्या शेजारी. तिची परीक्षा आहे. पूर्वी हाक मारली तर वरून 'आले आले' एवढंच ऐकू यायचं. आता साडेसहाला पुस्तकं घेऊन हजर. शेवटी रक्ताची ओढ असतेच. मी तिला बदाम देते.

सूनबाईही सुधारली म्हणायची. वरचा पंखा कुरकुरतो, त्याचा आवाज मला खाली ऐकू येतो. हल्ली वीज गेली रे गेली की तो बंद. काटकसर शिकली. मात्र मुलगा कामावरून आला की कपाळाला आठ्या. वर उकडतं म्हणतो. त्याच्या बापाचंही असंच होतं, नेहमी काहीतरी उकडायचं.

१७ सप्टेंबर

मला एक शंका आली. मी सांगते तेच ही लिहिते कशावरून? सूडाचं काही नसलेलं एक वेगळं पान लिहून घेतलं आणि मास्तरीणबाईंना वाचायला दिलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. अक्षर न् अक्षर माझं. तिच्या आईनं दिलेल्या चादरी पहिल्या धुण्यात विटल्या, असं मी म्हटलं होतं, तेही होतं. मास्तरीणबाई हसू दाबत होत्या, सूनबाई भिंतीकडे बघत होती.

म्हणजे बाई प्रामाणिक आहे. माझा जीव भांड्यात पडला.

२० सप्टेंबर

आज आठव्यांदा खुर्ची. आणि सहीवाल्याकडून एक तक्रार नाही. लेक भांडायला येईल म्हणून मी चार वाक्यं तयार करून ठेवलीत, ती तोंडात शिळी व्हायला लागली. ताठा, दुसरं काय. काळोखात बसेन पण पेटीवाल्या म्हातारीपुढे वाकणार नाही.

सूनबाईला टोकापर्यंत पाठवलं. म्हटलं, बघून ये, काळोख आहे ना? आली आणि म्हणाली, 'हो आई, काळोख आहे.' मी विचारलं, मशीनचा आवाज? ती म्हणाली, नाही ऐकू आला. तिचे डोळे मात्र माझ्या पायांकडे.

२४ सप्टेंबर

आज तो आला.

दुपारी. लेकीच्या खांद्यावर हात, पाठीला छोटं नळकांडं, नाकात नळी. दारात पाच पायऱ्या आहेत, त्या चढायला त्याला वरण शिजायला लागतो तेवढा वेळ लागला. मी उठले नाही. चार वाक्यं तोंडात घेऊन बसले.

म्हणाला, 'आजी, तुमचे आभार मानायला आलो.' मला आजी म्हणतो. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान असेल फार तर. पुढे म्हणाला, पेटी आल्यापासून माझं मशीन एक मिनिट बंद पडलं नाही. आधीच्या घरी दोनदा जीव जाता जाता वाचला. मी वीज खात्यातच होतो, मला माहीत आहे हे सांभाळणं किती जिकिरीचं असतं.

तोंडभर बोलला. मला त्यानं ओळखलं नाही. ओळखणार कसा, त्यानं कुठे बघितलं होतं. मी 'हं' म्हटलं. लेकीनं टोपलीभर संत्री ठेवली आणि दोघं गेले.

संध्याकाळी वीज गेली. लाल. खोलीत मी, नात आणि सूनबाई. मी खुर्चीचं बटण ओढलं आणि कान वर लावले. वरच्या मजल्यावरचा पंखा कुरकुरत होता तो थांबला. बटण वर केलं, पंखा कुरकुरला. पुन्हा खाली केलं, थांबला.

नात पुस्तकात डोकं घालून बसली. म्हणजे ती उजेडासाठी येत होती.

खुर्ची म्हणजे आमचा वरचा मजला. मग जिना म्हणजे तो. मी जिन्यावर बोट ठेवलं. सूनबाई माझ्यापुढे आली. बावीस वर्षांत ती माझ्यापुढे अशी उभी राहिली नव्हती.

'आई, बाबांचा शेवटचा दीड तास मी त्यांच्या उशाशी होते,' ती म्हणाली. 'तुम्हाला यांनी बाहेर नेलं होतं. तो आवाज मला परत ऐकायचा नाही. कोणाचाच.'

मी बोट काढलं नाही. दाबलंही नाही. साडेआठपर्यंत तशीच बसले, हाताला मुंग्या आल्या. आमचाच वरचा मजला काळोखात राहिला.

२५ सप्टेंबर

लिही. माझी सून खोटारडी आहे. तिनं मला सोळा दिवस मूर्ख बनवलं. माझ्याच मुलाला घामानं भिजवलं आणि माझ्याच नातीला खाली हाकललं. मी तिच्याशी बोलणार नाही. आता तिच्याशी न बोलता हे लिहून कसं घ्यायचं, तेही तिनंच सांगावं.

लिहिलंस? बरं.

संत्री आंबट निघाली. चार खाल्ली.

२८ सप्टेंबर

तीन दिवस ऊन होतं, हिरवा दिवा, कोणाला बंद करायचा प्रश्न नाही. मला विचाराला वेळ मिळाला.

एक गोष्ट खुपते. बटण दाबलं असतं तरी त्याला काय कळलं असतं? वीज गेली, एवढंच. कोणी घालवली, कशाबद्दल, काही नाही. त्याच्या लेखी मी ढगांसारखीच. तो सूड नव्हताच. त्याला इथे आणून बसवला पाहिजे, माझ्यासमोर, मान वर करून.

निरोप धाडला. म्हटलं, मी अडाणी बाई, रोज कोणाचं घर बंद करायचं ते ठरवताना माझी त्रेधा उडते, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं लक्ष घालावं. तासाभरात हजर. निवृत्त माणसाला सल्ला विचारला की त्याचे पाय कसे आपोआप चालतात बघा. पाच पायऱ्या आज वरण अर्धं शिजेपर्यंत संपल्या.

१ ऑक्टोबर

तीन दिवस येतोय. कागद, पेन्सिल, आकडे. म्हणतो, आजी, घर बंद करायची गरजच नाही, वस्तू बंद करायच्या. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर एक पट्टी असते, ती किती वीज खाते ते त्यावर लिहिलेलं असतं. नातीला घरोघर पाठवून त्यानं सगळ्या पट्ट्या उतरवून आणल्या. मग हिशेब करून सांगितलं: दिवेलागणीचे दोन तास इस्त्री, किटली, गिझर आणि बेकरीवाल्याची भट्टी एवढं थांबवा. फ्रिजचं दार उघडू नका, तो गार राहतो. दिवे, पंखे आणि मशीनं सगळ्यांची चालतील. लाल दिवा असला तरी.

काल करून बघितलं. लाल होता. आठही बटणं वर. एक घर बंद पडलं नाही. बेकरीवाला आधी कुरकुरला, मग त्यानं भट्टी दुपारी पेटवायचं कबूल केलं. सगळी गल्ली त्याचं नाव घेतेय. माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसून कौतुक करून घेतो आणि माझ्याच कपातला चहा पितो. माझ्या तळपायाची आग मस्तकात.

वरचा पंखा आता कुरकुरत असतो. नात तरीही पुस्तकं घेऊन खालीच बसते. दोन-दोन दिवे जाळायचे, कोण सांगणार हिला. बदाम संपत आलेत.

३ ऑक्टोबर

आज सूनबाई माझ्याशेजारी वही घेऊन बसली होती. मीच बसवली. म्हटलं, आज जे होईल ते होता होताच लिही.

तो आला, दम घेतला, कागद पसरला. मी म्हटलं, साहेब, एक वस्तू मोजायची राहिली. नातीनं माळ्यावरून म्हाताऱ्याचं मशीन खाली आणलं. त्यानं ते फिरवून पट्टी वाचली.

'साडेतीनशे वॅट. माझ्याच जातीचं आहे की. हे म्हणजे काहीच नाही आजी. यादीत घालून टाकतो. कोणाचं?'

'माझ्या नवऱ्याचं. तो यादीत मावणार नाही आता. तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे बॅटरीचा डबा मागायला आले होते मी. तुम्ही नाही म्हणून सही केलीत.'

त्यानं मान वर केली. चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. साधाच आहे. मला वाटलं होतं काहीतरी वेगळा असेल.

त्याला आठवेना. खूप अर्ज यायचे, म्हणाला. डबे सहाच होते. वरून हुकूम होता, ऑफिसच्या आवश्यक कामासाठी राखून ठेवा. मी विचारलं, आवश्यक काम म्हणजे काय काय चालायचं त्यांच्यावर? फोन, म्हणाला. कॉम्प्युटर. मग त्याची नजर त्याच्याच यादीवर गेली, आणि एका ओळीवर अडकली.

मी म्हाताऱ्याच्या मशीनवरची धूळ पदरानं पुसली. 

'माझ्या केबिनमधल्या डब्यावर किटली असायची,' तो म्हणाला. 'चहाची.'

'किटली किती खाते?'

'दीड हजार.'

'मला आकडे कळत नाहीत, साहेब. एका किटलीच्या विजेत म्हाताऱ्याची मशीनं किती चालली असती, तेवढं सांगा.'

त्यानं कागदावर पेन्सिल टेकवली. सात घरांचा हिशेब तोंडानं करणारा माणूस, एवढ्याला त्याला कागद लागला. पेन्सिल हलेना. नळीतून हवेचा आवाज येत होता. लेकीनं विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का?

'चार,' तो म्हणाला.

रडला नाही. मला बघायचं होतं. पाणी मागितलं, मी द्यायला लावलं, स्वच्छ पेल्यातून. उद्या कोणी म्हणू नये की म्हातारीनं पाणी दिलं नाही. निघताना त्यानं हात जोडले. मी म्हटलं, उद्या दिवेलागणीला यायचं. तो म्हणाला, यादी तर पुरी झाली, आजी.

मी म्हटलं, यादी लिहिलेली आहे, मला वाचता येत नाही. मला तोंडानं सांगावं लागतं. रोज यायचं आणि तो आकडा सांगायचा.

किती दिवस, त्यानं विचारलं.

मला ऐकू येतंय तोवर, मी म्हटलं.

४ ऑक्टोबर

आला. दिवेलागणीच्या आधीच आला. पायऱ्यांवर दोनदा बसला. सूनबाई हात द्यायला गेली, तिला मी अडवलं नाही. खोलीत आल्यावर खुर्ची दिली तर बसेना. उभ्यानंच, माझ्याकडे बघून म्हणाला, 'चार.'

मी म्हटलं, ऐकू नाही आलं.